हुलवळ्यांकडे बसलेली मंगळवारची संध्याकाळ

कवठेसांगवीत उमेश हुलवळे यांच्या घरी मंगळवारची संध्याकाळ येऊन बसली ती उठेना, म्हणून नगरपरिषदेने तिला घर खाली करण्याची नोटीस बजावली. नोटीस दारावर चिकटवलेली होती. संध्याकाळ आत होती.

ही नोटीस किती तत्परतेने निघाली ते आधी सांगतो. आमच्या गावात पाणी चार दिवसांआड येतं. शाळेमागचं गटार गेल्या दोन निवडणुकांपासून उघडं आहे. या दोन्ही विषयांवर मी ‘सांगवी समाचार’मध्ये इतकं लिहिलं की जुन्या छापखान्यातले खिळे झिजले आणि नव्या संगणकाच्या कळफलकावरची ‘ग’ची कळ बसली. त्याबद्दल कुणाला नोटीस द्यावी असं नगरपरिषदेला कधी वाटलं नाही. सव्वा वर्षाच्या एका मुलीने एक संध्याकाळ घरात घेतली, तर गुरुवारी सकाळीच शिपाई डिंकाची बाटली घेऊन हजर.

आमच्या गावाला सात संध्याकाळी मंजूर आहेत, वाराला एक. त्याच फिरून फिरून येतात. सणासुदीसाठी आठवी द्यावी हा आमचा अर्ज जिल्ह्याला धूळ खात पडला आहे, तो विषय वेगळा. ज्या वाराची संध्याकाळ असेल ती ऊन उतरलं की वेशीतून आत येते, घरोघरी जाते, दिवे लागले की निघते आणि नगरपरिषदेच्या काळ विभागात जमा होते. पुढच्या आठवड्यात तिथूनच सुटते. हुलवळ्यांचं घर गावाच्या पश्चिम टोकाला आहे, त्यामुळे तिचा शेवटचा मुक्काम तोच. तिथून निघताना ती उंबऱ्यावर थांबते आणि ‘येते’ म्हणते. आपल्याकडे कुणी ‘जाते’ म्हणत नाही. घरातल्यांनी ‘ये हं’ म्हणायचं, की ती गेली.

उमेशचं एसटी स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. त्याची बायको वृषाली ब्लाउज शिवते. रोज तीच मुलीला कडेवर घेऊन दारात यायची आणि ‘ये हं’ म्हणायची. मुलगी, म्हणजे रुंजी, हात हलवायची. त्या मंगळवारी वृषाली आत कुकर उतरवत होती आणि रुंजी उंबऱ्याशी एकटीच बसली होती. संध्याकाळ म्हणाली, “येते.” रुंजीने वर पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आईचा शब्द उच्चारला.

“ये,” ती म्हणाली.

‘हं’ तिला अजून येत नव्हतं.

संध्याकाळ थबकली. तिला इतक्या वर्षांत कुणी नुसतं ‘ये’ म्हटलं नव्हतं. तिने चपला काढल्या, आत आली आणि दिवाणावर खिडकीच्या बाजूला बसली.

बाहेर रात्र आपली वेळेवर आली. रात्रीचं खातं वेगळं आहे. दुसऱ्या दिवशी बुधवारची संध्याकाळ आली, दिवाणावर दुसरी बसलेली पाहिली आणि दारातूनच मागे फिरली. गुरुवारची, शुक्रवारची तशीच. गावात वार पुढे सरकत होते. हुलवळ्यांच्या उंबऱ्याच्या आत मात्र मंगळवार, आणि दिवेलागण.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बाहेर शनिवारची भर दुपार होती. अंगणात वृषाली शिलाईचं मशीन मांडून बसली होती.

“आत शिवत नाही का?” मी विचारलं.

“तिन्हीसांजेला सुई धरत नाहीत, काका. आत कायमच तिन्हीसांज.”

“आणि झोपता कुठे?”

“शेजाऱ्यांच्या गच्चीवर. तिन्हीसांजेला झोपतही नाहीत ना.”

“म्हणजे अडचणच आहे.”

“अडचण आहे,” ती दोरा तोडत म्हणाली. “पण तुम्ही आत तर या.”

मी आत गेलो. खिडकीतून तिरपा उजेड पडला होता आणि त्यात कणकेची धूळ तरंगत होती. संध्याकाळ दिवाणावर पाय दुमडून बसली होती. मी नमस्कार केला, तिनेही केला. कुकर नुकताच उतरला होता. वृषाली आत येताच त्या मंगळवारचं सगळं जसंच्या तसं सुरू झालं, कारण संध्याकाळ तीच होती. रुंजी जमिनीवर फतकल मारून बसली होती, शेजारी उमेश. तिच्यासमोर वाटीत वरणभात. तिने पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला, दुसरा उमेशच्या कानात. मग वाटी उचलली आणि टोपीसारखी डोक्यावर घातली. वरण कपाळावरून खाली आलं. तिने जीभ बाहेर काढून नाकाच्या शेंड्यावरचं चाटून पाहिलं आणि आपल्यालाच हे सापडलं अशा चेहऱ्याने सगळ्यांकडे पाहिलं.

उमेश हसता हसता आडवा झाला. तो आडवा झाल्यावर ती त्याच्या पाठीवर चढली. वृषालीने घडी घालून ठेवलेले कपडे पोरीच्या लाथेने पसरले आणि वृषाली म्हणाली, “झालं! बसा आता दोघं घड्या घालत.” कुणी घड्या घातल्या नाहीत. संध्याकाळ पदराने तोंड झाकून हसत होती.

एवढंच. मी पुष्कळ वेळ बसलो, वहीत काय लिहावं ते कळेना. या घटनेत मथळ्याजोगं काही नव्हतं. तरी मी उठलो नाही, हे खरं.

सोमवारी काळ विभागाचे अधिकारी श्री. खरमाटे स्थळपाहणीला आले. सोबत एक लिपिक. खरमाटे साहेब स्वभावाने वाईट नाहीत. नियम वाचताना त्यांचा आवाज खाली जातो, जणू देवघरात उभे आहेत. त्यांनी चपला बाहेर काढल्या, संध्याकाळीकडे न बघता तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, “हुलवळे, प्रसंगविशेष असेल तर संध्याकाळ रोखून धरायची सोय आहे. लग्न, बारसं, साखरपुडा, एकसष्टी. सांगा, त्या दिवशी काय होतं?”

“वरणभात होता,” उमेश म्हणाला.

“स्वयंपाकाचं विचारत नाही. प्रसंग काय होता?”

उमेशने बायकोकडे पाहिलं. “हिने वाटी डोक्यावर घातली.”

“वहिनींनी?”

“रुंजीने.”

“वाटी रिकामी होती?”

“नाही, साहेब.”

“लिहा,” खरमाटे लिपिकाला म्हणाले. “वाटी, भरलेली.” मग पुन्हा उमेशकडे वळून, “त्यापूर्वी तिने कधी वाटी डोक्यावर घातली नव्हती?”

“आदल्या दिवशी घातली होती.”

“म्हणजे प्रथमही नव्हे. हुलवळे, या संध्याकाळीत विशेष असं काहीच नाही.”

“नाहीच,” वृषाली म्हणाली. “म्हणून तर.”

इथे माझ्याच्याने गप्प बसवलं नाही. मी म्हटलं, “साहेब, गेल्या वैशाखात एका बड्या घरच्या लग्नासाठी तुम्ही अख्ख्या गावाची रविवारची संध्याकाळ जेवणं होईपर्यंत अडवून ठेवली होती. ड्रोनला उजेड हवा म्हणून! गुरं गोठ्यात जाईनात. म्हाताऱ्यांच्या रात्रीच्या गोळ्या चुकल्या. तो प्रसंगविशेष, आणि हा नाही?”

“गुंजाळसाहेब, ते लग्न होतं.”

“त्या लग्नात कुणी एकदा तरी हसलं का? मी होतो तिथे. सगळे जेवणाच्या रांगेत एकमेकांच्या पाठीकडे बघत उभे होते.”

“हसण्याचा निकष नियमात नाही,” खरमाटे शांतपणे म्हणाले. “आणि मुद्दा तो नाहीच. मुद्दा हा, की तुमच्या मुलीने तिला ‘ये’ म्हणून निरोप दिलेला आहे. दारात म्हटलेल्या ‘ये’चा अर्थ ‘जा’ असा होतो. हे सर्वमान्य आहे.”

“‘ये हं’चा होतो,” मी म्हटलं. “ती नुसतं ‘ये’ म्हणाली.”

“लहान मुलांच्या बाबतीत ‘हं’ गृहीत धरला जातो.”

“कोणत्या नियमाने?”

“प्रथेने.”

“बरं. आत बसून कुणी ‘ये’ म्हटलं तर?”

“तर ‘ये’ म्हणजे ये.”

“आणि उंबऱ्यावर बसून म्हटलं तर? पोरगी उंबऱ्यावर होती. एक पाय आत, एक बाहेर.”

खरमाट्यांनी डोळे मिटले. “उंबऱ्याबाबत,” ते म्हणाले, “वरून मार्गदर्शन मागवावं लागेल.”

“तोपर्यंत ती बसू दे.”

“तोपर्यंत नाही बसता येणार. उद्या मंगळवार आहे, बाजाराचा दिवस. माझ्या ताब्यात सोडायला संध्याकाळच नाही. त्यापेक्षा सोपं करू. मुलीला स्पष्ट ‘जा’ म्हणायला सांगा. विषय संपतो.”

वृषालीने मुलीला उचलून कडेवर घेतलं. “या घरात कुणी कुणाला ‘जा’ म्हणत नाही. तिला तो शब्द शिकवलेलाच नाही. तिन्हीसांजेला घरी आलेल्या बाईला ‘जा’ म्हणायचं? तुम्हीच म्हणा की.”

“मी?”

“तुमचं खातं, तुमची संध्याकाळ. म्हणा.”

खरमाटे उभे राहिले. शर्ट खाली ओढला. पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. ती त्यांच्याकडे पाहत होती, तिच्या कपाळावरही वरणाचा एक ओघळ होता. “ज,” खरमाटे म्हणाले आणि थांबले. “म्हणजे, आपण असं करा. आपण... या आता.”

संध्याकाळ पदर सावरून दिवाणावर आणखी आत सरकली.

लिपिकाने विचारलं, “हे लिहू का, साहेब?”

“नको,” खरमाटे म्हणाले. बाहेर पडताना ते चपला शोधत होते, तेव्हा मी विचारलं की त्यांच्या घरी काय परिस्थिती आहे. ते म्हणाले, “आमच्याकडच्या संध्याकाळी वेळच्या वेळी जमा होतात. मी घरी नसतोच.” हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही, अभिमानानेही नाही. माहिती म्हणून सांगितलं.

मंगळवारचा बाजार बुडाला. ज्यांनी बाजार केला आहे त्यांना सांगायला नको की खरी विक्री संध्याकाळीच होते. ऑफिसं सुटतात, बायका पिशव्या घेऊन निघतात, भाव उतरतो, माल उठतो. त्या दिवशी लखलखीत दुपार होती आणि पुढच्या क्षणी मिट्ट काळोख. गिऱ्हाईक निम्म्या वाटेतून घरी वळलं. कुणी मोबाइलच्या उजेडात वांगी निवडली, ती सगळी किडकी निघाली.

दुसऱ्या दिवशी सुभद्राबाई बागल हुलवळ्यांच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. बाजारात पालेभाजीच्या रांगेत त्यांची जागा पहिली, आणि आवाजही पहिला. त्यांनी मेथीच्या सुकलेल्या जुड्यांची पाटी उंबऱ्यासमोर आपटली.

“कुठाय ती भवानी?”

“कुठली, मावशी?” वृषालीने विचारलं. “आमची, की बाजाराची?”

“दोन्ही काढ भाईर! एवढ्या पाटीभर मेथीचं काय करू मी, गळ्यात घालू?”

मी पुढे झालो. “बाई, दोष या लेकराचा नाही. नगरपरिषदेने एक राखीव संध्याकाळ ठेवायला हवी होती. मी अग्रलेख लिहितोय त्यावर.”

“तुझ्या अग्रलेखात मेथी बांधून देते मी, पत्रकार. बाजूला हो.”

त्या आत शिरल्या. रुंजी वाटी डोक्यावर घालण्याच्या बेतात होती. नवीन माणूस दिसताच तिने वाटी ठेवली, तोंडात हात घातला, चघळलेला भाताचा गोळा बाहेर काढला आणि सुभद्राबाईंपुढे धरला.

“नको गं बाई,” सुभद्राबाई म्हणाल्या.

रुंजीचा हात तसाच होता.

“आगं, नगं म्हटलं ना.” त्यांनी दाराकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. मग खाली बसल्या, तोंड पुढे केलं आणि तो गोळा खाल्ला. “मीठ कमी हाय वरणात,” त्या वृषालीला म्हणाल्या.

“माहितीये. त्या दिवशी विसरलं. आता रोजच कमी.”

सुभद्राबाई मग पुष्कळ वेळ दिवाणापाशी जमिनीवर बसून होत्या. निघताना त्यांनी एवढंच सांगितलं, “माझी ना नाही. बसू दे. पण पुढच्या मंगळवारीबी अंधार झाला तर बाकीची मंडळी ऐकायची न्हाईत. माझ्या रांगेत पंधरा बाया हायेत, त्यांच्याबी घरात लेकरं हायेत.” हे बरोबर होतं. समोरचा बरोबर असला की मी जास्त जोरात लिहितो. तो अग्रलेख मी दोन भागांत लिहिला.

त्याच आठवड्यात रुंजी चालायला लागली.

वृषाली अंगणात मशीनवर होती. रुंजीने मशीनचा आधार सोडला, हवेत हात धरले आणि तुळशीपर्यंत चालत गेली. तिथे जाऊन वळली आणि पुन्हा चालत आली. वृषालीने असा काही आरडाओरडा केला की शेजारची मंडळी गच्चीतून डोकावली. उमेशला फोन गेला. तो दुकान उघडं टाकून पळत आला. ती त्याच्याकडे चालत गेली. त्याच्या गुडघ्याला आपटली, बसली, उठली, परत चालली.

“चल, आत चल,” उमेश म्हणाला. “तिलाही दाखवू.” आणि दोन्ही हातांनी बोलावत तो उलट पावली घरात गेला.

रुंजी त्याच्यामागे उंबऱ्यापर्यंत चालत आली. एक पाय आत टाकला. दुसरा टाकला. आणि फतकल मारून खाली बसली.

“ऊठ, बबडे. ऊठ की.”

ती उठली नाही. तिला उठायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. तिने वाटी ओढून घेतली. आत मंगळवार होता, आणि मंगळवारी ती चालत नव्हती.

उमेशने तिला उचलून अंगणात ठेवलं. ती चालू लागली. आत आणलं, बसली. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. शेवटी वृषाली म्हणाली, “पुरे. ती काय परीक्षा देतेय का?” आणि तिघं बाहेर तुळशीच्या कट्ट्यावर बसून राहिले. आत दिवाणावरून संध्याकाळ त्यांच्याकडे पाहत होती.

मी दुसऱ्या दिवशी कागदपत्रं घेऊन गेलो. प्रांताकडे अपील करायचं सगळं ठरवलं होतं. ‘हं’ गृहीत धरता येत नाही या एका मुद्द्यावर आपण जिंकू अशी माझी खात्री होती. उमेशने सही करायला पेन हातात घेतलं. वृषालीने ते काढून घेतलं.

“नको, काका.”

“अगं, आपण जिंकतोय!”

“जिंकलो तर रुंजीला उंबऱ्याच्या आत बसवून ठेवावं लागेल.”

उमेश म्हणाला, “बाहेर चालेल की ती. अंगण आहे, गल्ली आहे. आत फक्त... आत ती अशीच राहील. काय बिघडलं?” त्याचा आवाज बारीक झाला होता. “वृषे, चालायला लागली म्हणजे ती निघालीच. ही एवढी एक संध्याकाळ आपल्याकडे राहिली तर कुणाचं काय जातंय?”

“सुभद्रामावशींचं जातंय.”

“ते सोड.”

“आणि वरणात मीठ कमी आहे,” वृषाली म्हणाली. “मला एकदा नीट मीठ घालून वरण करायचंय. ते तिने डोक्यावर ओतलं तर ओतू दे.” मग तिने डोळे पुसले आणि त्याला म्हणाली, “ती काय कायमची जातेय का? पाहुणी आहे. नीट निरोप देऊ. मंगळवारी येईलच.”

मी कागद परत पिशवीत घातले. माझा राग कुणावर काढावा ते मला कळेना. घरी जाताना मी गटाराचा फोटो काढला.

मंगळवारी, ऊन उतरायच्या सुमाराला, खरमाटे साहेब आले. सोबत लिपिक, एक हवालदार आणि पंचनाम्याचं सामान. सुभद्राबाई बाजारातलं पाल पोरीवर सोपवून आल्या होत्या. मी होतोच. वृषालीने आम्हा सगळ्यांना अंगणातच थांबवलं. आत जाऊन तिने संध्याकाळीला हळदीकुंकू लावलं, ओटीत तांदूळ, नारळ आणि स्वतः शिवलेला एक ब्लाउज घातला. मग दह्याची वाटी आणली.

“आगं, तिन्हीसांजेला दही देत नाहीत कुणाला,” सुभद्राबाई बाहेरून ओरडल्या.

“मावशी, ती स्वतःच तिन्हीसांज आहे. तिला कसं लागू होईल?”

सुभद्राबाईंनी विचार केला. “तेबी खरं,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळीने तळहातावरचं दही खाल्लं. उभी राहिली. दारापर्यंत आली, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला थांबली आणि नेहमीप्रमाणे म्हणाली, “येते.”

आता बोलायचं कुणी, हा प्रश्न होता. वृषाली आत उभी होती, आणि आत म्हटलेल्या ‘ये’चा अर्थ ये. तिने ‘ये हं’ म्हटलं असतं, पण एकदा आपलेपणाने बसवून घेतलेली बाई ‘हं’वर भरवसा ठेवील की नाही, याची तिला खात्री नव्हती. उमेशने तर तोंड तुळशीकडे फिरवलं होतं. खरमाट्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी हवालदाराकडे, हवालदाराने चपलांकडे. ‘जा’ म्हणायला कुणीही तयार नव्हतं. सरकारी कामात असा पेच मी या आधी पाहिलेला नाही.

रुंजी अंगणात होती. ती तुळशीपाशी मातीत काहीतरी शोधत होती, ते सोडून ती उठली. दोन्ही हात वर धरून, डुलत डुलत उंबऱ्यापर्यंत चालत आली. तिने वर पाहिलं. संध्याकाळ आत होती आणि ती बाहेर.

“ये,” रुंजी म्हणाली.

संध्याकाळ थबकली. मग तिने चपला घातल्या आणि बाहेर आली.

खरमाटे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “गुंजाळसाहेब, उंबऱ्याबाबतचं मार्गदर्शन मिळालं.” मी मान हलवली. याच्याविरुद्ध लिहिण्यासारखं काही नव्हतं.

रुंजीने तिचं बोट धरलं. दोघी गल्लीतून चालत निघाल्या, पोरीच्या चालीने, त्यामुळे फार हळू. एका दगडापाशी थांबल्या, एका कुत्र्यापाशी थांबल्या. आम्ही मागून जात होतो. ज्या घरावरून त्या गेल्या तिथल्या भिंती केशरी होत गेल्या. बाजाराकडे वळायच्या कोपऱ्यावर संध्याकाळीने वाकून बोट सोडवून घेतलं आणि म्हणाली, “येते हं.”

रुंजीने ओठ घट्ट मिटले. नाकातून जोर लावला.

“ये हं,” ती म्हणाली.

उमेश मटकन रस्त्यावरच बसला. ती तिकडे न बघता हात हलवत होती.

आम्ही सगळे घराबाहेर असल्यामुळे पुढे काही अडचण आली नाही. सगळ्यांनीच ‘ये हं’ म्हटलं, हवालदारानेसुद्धा. बाजारात भाव उतरला, माल उठला. सुभद्राबाईंची मेथी संपली. खरमाटे साहेबांनी पंचनाम्याचं सामान लिपिकाकडे दिलं आणि विचारलं, “ती आमच्या गल्लीतही जाते ना?”

“दर मंगळवारी जाते, साहेब,” लिपिक म्हणाला.

“आत्ता कुठवर असेल?”

“बाजार संपवून तिकडेच.”

खरमाट्यांनी स्कूटर सुरू केली आणि ऑफिसच्या उलट दिशेला गेले.

हुलवळ्यांच्या घरात शिरलो तर वरणभात आंबलेला होता. वृषालीने वाटी घासली, कुकर लावला. मीठ घातलं. रुंजी आतबाहेर चालत होती, उंबरा ओलांडताना दर वेळी दाराला धरून.

आता मंगळवारी आमच्या गावात संध्याकाळ इतर वारांपेक्षा थोडी उशिरा जमा होते. हुलवळ्यांकडे तिचा वेळ जातो. काळ विभागाने वेळापत्रकात तशी दुरुस्ती केली आहे आणि व्यापाऱ्यांची त्यास हरकत नाही. या बाबतीत नगरपरिषदेविरुद्ध लिहायला मला जागा उरलेली नाही. गटार उघडंच आहे.

गेल्या मंगळवारी ती हुलवळ्यांकडून जमा व्हायला निघाली आणि पुन्हा बाजारातून गेली, तेव्हा तिच्या केसांत भाताचं एक शीत होतं. सुभद्राबाईंनी ते पाहिलं. काढलं नाही.